घाण्याच्या भिंतीवरच्या चार रेघा

गणपतराव काळबांडे यांनी विष घेतलं नाही. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण पोलिसांच्या कागदावर दुसरंच आहे. गावाच्या तोंडीही दुसरंच आहे. काही दिवस तर त्यांच्या मुलाच्या मनातही दुसरंच होतं, आणि माझ्याही.

मी त्यांना काका म्हणायचे. ते मला पोरी म्हणत, आणि चिडवायचं असलं की मास्तरीणबाई. मी मास्तरीण नाही. मराठीत एम.ए. करून मी नागपूरला, हुडकेश्वरात घरी बसले होते, तेव्हा रजतचा फोन आला. रजत हा काकांचा एकुलता मुलगा. कॉलेजात तो माझ्या दोन वर्षं पुढे होता.

"तुले चार शब्द नीट लिहिता येतात ना? मंग ये शेतावर," तो म्हणाला.

शेत कामठीच्या पुढे अर्ध्या तासावर आहे. बारा एकर. पंधरा वर्षांपासून तिथे रासायनिक खत पडलेलं नाही, फवारणी झालेली नाही. जवस, तीळ, करडई एवढंच पिकतं. बांधावर जांभळाची अकरा झाडं आहेत. गोठ्याला लागून बैलाचा लाकडी घाणा आहे, काकांच्या आजोबांपासूनचा. रजत एकदा नाशिकला गेला होता. तिथे लोक द्राक्षाच्या मळ्यात बसून घोटघोट वाइन चाखतात आणि त्यासाठी आधी नोंदणी करतात, हे त्यानं पाहिलं. ते त्याच्या डोक्यातून जाईना. आपल्याकडे द्राक्षं नाहीत, पण तेल तर आहे. तेलच चाखवू. जांभळं परवाना असलेल्या एका कारखान्यात पाठवली आणि त्यांची वाइन करून आणली. परवानगीचा कागद काच लावून भिंतीवर टांगला. शनिवार-रविवारी नागपूरहून पाहुणे यायला लागले.

"तेल चाखाले कोण येऊन राहिलं वं?" काका म्हणायचे. "सारे त्या जांभळ्या बाटलीसाठी येतात. तेल म्हणजे मंदिरात जायच्या आधी चप्पल काढण्यासारखं."

माझं काम कार्डं लिहिण्याचं होतं. प्रत्येक तेलासाठी एक कार्ड, आणि त्यावर त्याचा वास कसा, चव कशी, ते चार ओळींत. शहरातल्या माणसाला तेल चाखवलं की तो म्हणतो, छान आहे. रजतला छानच्या पुढचे शब्द हवे होते.

पहिल्या दिवशी काका घाण्याच्या खोलीत माझ्यासमोर बसले. डोळे मिटले.

"लिही. जवस. वाळलं गवत असते ना गोठ्यात, सकाळचं, त्याच्यावर ऊन नाही पडलं अजून. तसा वास. त्याच्या मागून भाजल्या शेंगदाण्याचा, पण लांबून. शेजारच्या घरून आल्यासारखा."

मी लिहीत होते.

"आन् मासोळीचा वास आला की समजजो, तेल मेलं. मंग बैलाच्या शिंगाले लावा नाहीतं फेकून द्या. हे कार्डावर नको लिहू."

त्यांच्यासमोरची वाटी रिकामी होती. ते माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. मला वाटलं, किती मुरलेला माणूस आहे. वाटीसुद्धा लागत नाही.

रजतनं रस्त्यावर फलक लावला होता. फलकावर काकांचा फेटा बांधलेला फोटो, आणि खाली ओळ: ज्यांचं नाक कधी चुकत नाही. ही ओळ माझी. त्यानं मागितली आणि मी दिली.

चाखण्याची एक रीत ठरलेली होती. पाहुणे आंब्याखाली बसायचे. काकांच्या पत्नी, प्रेमलताकाकू, आतून ताट घेऊन यायच्या. ताटात तीन वाट्या, प्रत्येक वाटीत एक चमचा. काका वाटी उचलत, नाकाशी नेत, थोडं थांबत आणि बोलायला लागत. सगळे गप्प होऊन ऐकत. एकदा त्यांनी करडईची वाटी नाकाशी नेली, परत ठेवली आणि म्हणाले, "हे नाही देत. हे उतरून राहिलं." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. तेल परत पाठवणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

दुसरी रीत पाहुण्यांना माहीत नव्हती. पाहुण्याच्या आधी घर. नवं तेल निघालं की आठ दिवस घरच्यांनी खायचं, कच्चं, भाकरीवर. आठ दिवसांत घरातल्या कोणाला काही झालं नाही तर ते तेल बाहेर जाणार. काकांच्या वडिलांनी ही रीत घालून दिली होती. कधीतरी एका लग्नात त्यांचं तेल खवट निघालं आणि भर पंगतीत त्यांचं नाव घेतलं गेलं, त्यानंतर. घाण्याच्या खोलीच्या भिंतीवर खडूनं रेघा मारायच्या. खाल्लं की एक रेघ. आठ झाल्या की भिंत पुसायची.

"एफडीए आहे आमचं," रजत हसून सांगायचा.

मी शनिवारी जायचे. बसनं कामठी, तिथून शेअर ऑटो. दीड वर्षात कार्डं केव्हाच लिहून झाली होती, तरी जायचे. काकू वांग्याचं भरीत करत. काका मला शब्द विचारत. "वं मास्तरीण, पहिल्या पावशेर तेलाले काय म्हणतात तुह्या पुस्तकात?" मला माहीत नसायचं. त्यांना फार आनंद व्हायचा.

मागच्या वर्षी दसऱ्याच्या आधी प्रतापनगरचे आनंदराव आले. निवृत्त इंजिनियर. मुलगी इटलीत. तिनं दिलेली ऑलिव्ह तेलाची बाटली ते सोबत घेऊन आले होते, काळ्या काचेची, बुटकी.

"आता मी तुम्हाला चाखवतो," ते म्हणाले. "तिकडे असं करतात."

त्यांनी घोट घेतला, दात आवळले आणि जोरात हवा आत ओढली. गरम चहा बशीतून ओढावा तसा आवाज झाला. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, लोक बघताहेत." सगळे हसले. काकाही हसले. मग आनंदरावांनी काकांच्या वाटीत तेल ओतलं.

"सांगा गणपतराव. तुमचं नाक काय म्हणतं?"

काकू आत होत्या. ताट आलेलं नव्हतं. काकांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. वाटी नाकाशी नेली. घोट घेतला, हवा ओढली आणि ठसका लागला.

"घशाले मिरचीवानी लागते," ते म्हणाले. "पण वास चांगला आहे. कोवळ्या पात्याचा. पहाटे दव पडल्यावर शेतात येते, तसा."

हे माझं वाक्य होतं. करडईच्या कार्डावरचं, शब्दन् शब्द.

आनंदरावांच्या पत्नीनं बाटली उचलून हुंगली आणि तोंड वाकडं केलं. "अहो, हे खवट झालंय! दोन वर्षं खिडकीत ठेवली होती तुम्ही, उन्हात." मग बाटली सगळ्यांमधून फिरली. माझ्याकडेही आली. जुन्या रंगाच्या डब्याचा वास येत होता.

काकांनी हात जोडले. "पाहुण्याच्या वस्तूले वाईट कसं म्हणू जी?"

पुन्हा सगळे हसले. निभावलं. तेवढ्यात काकू ताट घेऊन आल्या. तेव्हा मी पहिल्यांदा चमचे नीट पाहिले. दोन वाट्यांतल्या चमच्यांचे दांडे काकांकडे होते. तिसऱ्याचा दांडा उलट दिशेला होता. काकांनी ती तिसरी वाटी उचलली, नाकाशी नेली, आणि परत ठेवली.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी घाण्याच्या खोलीत गेले.  उभी राहिले नुसती.

"कळलं तुले," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"वास कोरोनात गेला. सगळ्याईचा आला वापस, माहा नाही आला. चार वर्षं होतील. शेण कळत नाही, फोडणी जळली कळत नाही, काही नाही. कडू-गोड कळते जिभेले, बस."

"रजतला माहीत आहे?"

"त्याले काय सांगू? रस्त्यावर बोर्ड लावून ठेवला त्यानं एवढा मोठा. थे ओळ कोणी लिहिली?"

मी खाली पाहिलं.

"तसं नाही म्हणत मी वं. चांगली ओळ आहे." त्यांनी दाराकडे बोट केलं. "हे आहे ना तुही काकू. तिचं नाक माह्यापेक्षा तेज. लगन झालं तवापासून मले माहीत होतं, कबूल नाही केलं इतकंच."

काकू दारात आल्या होत्या. "आता तरी कबूल केलं म्हणायचं," त्या म्हणाल्या. "छत्तीस वर्षांनी. लिहून ठेव मुग्धा, तारीख टाकून."

मी कोणाला सांगणार नाही म्हणाले. ते वचन वगैरे नव्हतं. घरातली गोष्ट घरात राहते, तसं वाटलं. शिवाय सगळं नीट चाललं होतं. एकाचं नाक, दुसऱ्याचं तोंड. तेल तर चांगलंच जात होतं.

दिवाळीनंतर आठव्या दिवशी काकू गेल्या. सकाळी अंगणात सडा टाकताना बसल्या, त्या उठल्याच नाहीत. हृदय, डॉक्टर म्हणाले.

मी पंधरा दिवसांनी गेले तेव्हा काकांनी मला आत बोलावलं. खाटेवर काकूंचं एक लुगडं घडी करून ठेवलेलं होतं. न धुतलेलं.

"याले वास असनं ना वं?" त्यांनी विचारलं. "पाह्य बरं."

मी लुगडं नाकाशी धरलं.

"सांग ना."

"साबणाचा आहे. आणि फोडणीचा. लसणाच्या. आणि थोडा धुराचा."

"खोबरेल?"

"आहे. पदराकडे."

"हाव. पदराकडेच असनं." त्यांनी लुगडं माझ्या हातातून घेतलं आणि पेटीत ठेवलं. पुन्हा कधी विचारलं नाही.

रजत आणि त्याची बायको प्रतापनगरच्या फ्लॅटमध्ये राहतात. तो आठवडाभर फोनवर नोंदणी घेतो आणि शनिवारी शेतावर येतो. तो म्हणाला, बाबा, इकडे चला. काका नाही म्हणाले. बैलाला कोण पाहील. गावातल्या इंदुताई दोन वेळचं करून द्यायला येऊ लागल्या. हिवाळ्यात जुनंच तेल होतं, काकूंनी हुंगून ठेवलेलं. चाखणं चालू राहिलं. काका कार्डावरचं बोलत. लोक टाळ्या वाजवत. वाटी परत पाठवायची वेळ आली नाही.

मार्चमध्ये नवा जवस घाण्याला लागला. पुढच्या शनिवारी चौदा पाहुणे येणार होते. त्याच्या दहा दिवस आधी, बुधवारी, काकांचा फोन आला.

"पोरी, रविवारी येतं का? नवं तेल काढून राहिलो. जरा हुंगून देजो."

रविवारी वर्ध्याला एका कॉलेजात माझी मुलाखत होती, तासिका तत्त्वावरच्या जागेची. मी म्हणाले, "पुढच्या रविवारी येते ना काका."

"शनिवारी पाहुणे आहेत ना वं."

"मग इंदुताईला सांगा हुंगायला."

"हाव, तिले सांगून साऱ्या गावाले दवंडी द्यू काय?" ते हसले. "जाऊ दे. तू नोकरीचं पाह्य. मी करतो बराबर."

फोन एवढाच झाला. मुलाखत झाली. जागा दुसऱ्या कोणाला मिळाली.

गुरुवारी सकाळी इंदुताई आल्या तेव्हा काका घाण्याच्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. अंग घामानं भिजलेलं. तोंडातून लाळ गळत होती. डोळ्यांतून पाणी. त्यांना कामठीला नेलं, तिथून नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात. डॉक्टरनं डोळ्यांत टॉर्च मारला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. डॉक्टरनं रजतला विचारलं, "कोणतं औषध पिले?"

आमच्याकडे शेतकऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न असाच विचारतात. पिले का, असं नाही. कोणतं.

रजत म्हणाला, "आमच्याकडे औषधच नाही. आम्ही फवारतच नाही."

डॉक्टर म्हणाला, "सगळे असंच म्हणतात."

मी दुपारी पोचले. काकांच्या नाकात नळी होती. रजत बाहेर बाकावर बसला होता. "एकदा शुद्धीवर आले," तो म्हणाला. "म्हणाले, पाहुण्याईले देऊ नको. दोनदा म्हणाले. मी म्हटलं काय देऊ नको, तर डोळे मिटले."

"काय देऊ नको?"

"काय माहीत यार. बरळत होते."

शुक्रवारी पहाटे ते गेले.

पोलीस आला. चांगला माणूस होता. हळू आवाजात विचारत होता. घरात भांडण? नाही. आजार? नाही. मग रजत म्हणाला, "आई गेली दिवाळीत. तेव्हापासून कमी बोलायचे." पोलिसानं मान हलवली आणि लिहिलं. मी शेजारी उभी होते. त्याची पेन्सिल थांबत नव्हती. मलाही तेच खरं वाटलं. मला लुगडं आठवलं. मला वाटलं, कळायला हवं होतं मला.

शवविच्छेदन करणारा डॉक्टर म्हणाला, कपाशीवर फवारतात तसलं औषध आहे.

गावात तीन दिवसांत सगळं ठरून गेलं. बायकोच्या मागं गेला बिचारा. काही जणांनी त्याला प्रेम म्हटलं, काही जणांनी पळपुटेपणा. रजत कोणाशी बोलत नव्हता. दहाव्याला नदीवर कावळा लवकर शिवला नाही तेव्हा तो मला म्हणाला, "माझ्यावर रागावून गेले असतील का? मी बोर्डावर फोटो लावला, पाहुण्यांसमोर नाचवलं त्यांना. त्यांना आवडतच नसेल."

तेव्हा मी त्याला नाकाचं सांगितलं. चमच्यांचंही सांगितलं. 

"तू मला आधी सांगितलं असतं तर," तो म्हणाला, आणि उठून पाण्याकडे गेला.

तेरवी शेतावरच होती. मांडवात वरण-भात, वडे, वांग्याची भाजी. मोठी पातेली बाहेर चुलीवर चढली होती. आत काकांचा फोटो, समोर समई. समईत तेल कमी झालं म्हणून इंदुताई घाण्याच्या खोलीत गेल्या. घरच्या माणसासमोर घरचंच तेल जळावं, असं त्यांना वाटलं. तिथल्या फळीवरची एक छोटी पांढरी कॅन त्या घेऊन आल्या आणि फोटोसमोर बसून झाकण उघडलं.

"अगं माय," त्या म्हणाल्या. "ह्या कॅनीले औषधाचा वास कसा येऊन राहिला वं?"

मी दारात होते. चार पावलांवर. वास माझ्यापर्यंत आला. लसूण सडल्यासारखा, आणि त्यात रॉकेल. फवारणीच्या दिवसांत कामठीच्या रस्त्यावर ऑटोत बसलं तरी येतो, तो. आमच्या भागात लहान मुलालाही तो ओळखता येतो.

कॅनीत जवसाचं तेल होतं. पाऊण भरलेलं.

चंपतराव जवळच बसले होते. शेजारच्या शेताचे. त्यांची कपाशी असते. ते उठून आले आणि कॅनीच्या बुडाशी असलेला लाल रंगाचा पट्टा पाहिला.

"हे तं माही कॅन आहे," ते म्हणाले. "पावसाळ्यात तुमच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत राहून गेली होती."

ते एवढं बोलले आणि सगळ्यांनी आपल्याकडे पाहिल्याचं त्यांच्या लक्षात आलं. ते मागे जाऊन बसले.

मी घाण्याच्या खोलीत गेले. रजत माझ्या मागे आला. नवं तेल स्टीलच्या टाकीत निवळत होतं, साठ लिटर. टाकीचं झाकण उघडून मी हुंगलं. वाळलं गवत. मागून शेंगदाणा, लांबून. काही दोष नव्हता. टाकीतून घरापुरतं तेल दरवेळी काकू त्यांच्या पितळी बरणीत काढायच्या. काकू गेल्यावर बरणी रजतच्या फ्लॅटवर गेली होती, त्यांची आठवण म्हणून. काकांनी मोटारीच्या खोलीतली कॅन घेतली. ती धुतलेली होती. पाण्याच्या नांदीजवळ सोड्याची पुडी अजून पडून होती, आणि बाटली घासायचा ब्रश. त्यांनी घासून घासून धुतली असणार. त्यांच्या नाकाला ती स्वच्छ होती.

भिंतीवर खडूच्या चार रेघा होत्या.

पहिल्या तीन सरळ. चौथी वरून नीट निघाली होती आणि खाली येताना उजवीकडे घसरली होती. खडू भिंतीशी तुटून पडला होता.

"सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार," रजत म्हणाला. बोट लावून म्हणाला.

शनिवारपर्यंत आठ झाल्याच नसत्या. सहाच. त्यांनी तरी सुरू केलं होतं. घरात खाणारं दुसरं कोणी नव्हतं. नाक नव्हतं, नाकाच्या जागी बायको नव्हती, आणि मी पुढच्या रविवारी येणार होते. मग त्यांच्याकडे जे उरलं होतं त्यानं त्यांनी तेल तपासलं.

मरायला निघालेला माणूस आठ रेघांचा हिशेब धरून चार मारत नाही. हे मी रजतला म्हणाले. तो फक्त, "पाहुण्याईले देऊ नको," असं स्वतःशी म्हणाला. ते दवाखान्यातले शब्द त्याला आता कळले होते.

मांडवात जेवणं चालू होती. रजतनं कॅन पिशवीत घातली आणि तसाच, तेरवीच्या कपड्यांत, पोलीस ठाण्यात गेला. नातेवाइकांनी त्याला अडवलं. त्याचे मामा म्हणाले, "पागल झाला काय गा? सेंद्रियचा बोर्ड आहे तुहा. तेलात औषध निघालं म्हणून साऱ्या नागपुरात होईन. कोण येईन मंग?" तो म्हणाला, "बाबाचं नाव आहे, मामा." मामा म्हणाले, "थेच तं म्हणून राहिलो."

पोलिसानं कॅन घेतली, सील केली. अहवाल यायला महिने लागतील म्हणाला. माझ्यासमोरच चंपतरावांना बोलावलं. ते म्हणाले, अशा कॅनी गावात पन्नास आहेत, लाल पट्टा कोणीही मारते. ते खोटं बोलत होते आणि माझ्याकडे पाहत नव्हते. मला त्यांचा राग आला नाही. ते घाबरले होते. कॅन राहून जाणं हा काही गुन्हा नाही. पण त्यांना तो वाटत होता.

मामा म्हणाले तसंच झालं. चौदा पाहुण्यांनी आधीच नाही म्हटलं होतं. नंतरच्यांनीही म्हटलं. सेंद्रिय शेतावरच्या तेलात औषध, एवढंच लोकांच्या ध्यानात राहिलं. टाकीतलं तेल चांगलं आहे, ही गोष्ट सांगायला फार वाक्यं लागतात. गावानं मात्र कॅनीची गोष्ट मानलीच नाही. "पोरगं झाकून राहिलं," गाव म्हणालं. "बापाच्या मरणाले चांगलं नाव द्यायचं. नाक गेलं होतं म्हणे. ज्याचं नाक कधी चुकत नाही, त्याचं?"

फलक अजून रस्त्यावर होता.

पुढच्या शनिवारी मी गेले तेव्हा रजत घाण्याच्या खोलीत बसला होता. समोर ताट, ताटात भाकर. त्यानं टाकीतून पळीभर जवस काढलं.

"मुग्धा, एक गोष्ट मला झोपू देत नाही," तो म्हणाला. "वास नव्हता, ठीक. पण चव? ते औषध कडू असतं. जिभेला कडू कळत होतं म्हणाली ना तू? मग चार दिवस कडू लागलं असेल. लागलं तरी खाल्लं. म्हणजे—"

"जवस कडूच लागतं," मी म्हणाले.

त्यानं भाकरीवर तेल घातलं आणि तुकडा तोंडात घेतला. हळूहळू चावलं.

"कडू आहे," तो म्हणाला. "थोडं कडू आहे."

मग त्याचा चेहरा पडला आणि तो रडला. वडील गेल्यापासून पहिल्यांदा रडला.

त्यानं ते तेल आठ दिवस खाल्लं. प्रतापनगरहून रोज सकाळी गाडी काढून यायचा. चार रेघांच्या खाली त्यानं रेघा मारल्या. मी तीन दिवस गेले आणि त्याच्यासोबत खाल्लं. आम्हाला काही झालं नाही. नवव्या दिवशी त्यानं त्या चौदा जणांना निरोप पाठवला: घरानं आठ दिवस खाल्लं आहे, तेल चांगलं आहे. कोणी उत्तर दिलं नाही. आनंदरावांच्या पत्नीनं फक्त हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

बैल विकला. जांभळाच्या बाटल्या कारखान्याला परत गेल्या. फलक मी आणि रजतनं मिळून काढला. काढताना तो फाटला, आणि माझी ओळ मधोमध तुटली.

अहवाल अजून आलेला नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी शेवटची गेले, कार्डं आणायला. उन्हाळा भयंकर झाला होता. घाण्याच्या खोलीत पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. भिंतीवर वर चार आणि खाली आठ. रजतनं ती पुसलेली नाही. मी टाकीचं झाकण उघडलं आणि वाकले.

मासोळीचा वास आला.

मी कोणाला तरी सांगायला मागे वळले.